पोत्यातली पिल्ले
(मांडवगण फराटा येथे केलेले भाषण)



मागच्या खेपेला आम्ही आलो तेव्हा पिण्याच्या पाण्याविषयी बोललो होतो. आजचा विषय निराळा आहे. त्याचे नाव घेतले की मागे बसलेली पोरे हसणार, हे आम्हाला ठाऊक आहे. हसू द्या. विषय आहे कुत्र्यामांजरांच्या नसबंदीचा.

झाले हसून? आता ऐका.

आपले हे गाव वाघेश्वराचे. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर घोड नदी. भीमेपलीकडे दौंड तालुका, घोडेपलीकडे श्रीगोंदा. तिकडे वर, शिरूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, घोड आणि कुकडी या नद्यांच्या मधल्या गावांना तर आपण 'बेट भाग' असेच म्हणतो. समुद्रात नसले तरी ते बेटच. चहूकडून पाणी, मध्ये ऊस, आणि उसात काय असते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. तिकडे आपण पुन्हा येऊ.

आधी एक गोष्ट सांगतो. ती गावापासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीवरची आहे. नाव घेत नाही. ती आजी आज इथेच बसली असेल, तर तिला उगीच लाज वाटायची.

या आजीकडे एक कुत्री आहे, तांबडी, कानाने पडकी. नाव राणी. दर वर्षी भादवा आला की वस्तीवर दहा-पंधरा कुत्र्यांचा गोंधळ. रात्रभर भांडणे, रात्रभर भुंकणे. म्हातारीला झोप नाही, गाईला चैन नाही. दिवाळीनंतर राणी पाचटात खड्डा करून व्यायची. पाच झाली, सहा झाली. आजीचा नातू शाळेत जाणारा, चांगला गुणी मुलगा. पण पिल्ले महिन्याची झाली की बाप त्याच्या हातात पोते द्यायचा आणि म्हणायचा, "जा, नदीपल्याड सोडून ये." पोरगा सायकलला पोते बांधायचा आणि दौंडाच्या अंगाला पिल्ले सोडून यायचा.

आम्ही त्या पोराला विचारले, "तिकडचे लोक काही म्हणत नाहीत का रे?"

तो म्हणाला, "त्ये काय म्हन्त्यात? एकदा मी जात व्हतो आन् समोरनं एक माणूस येत व्हता. त्याच्याबी गाडीला पोतंच व्हतं."

मंडळी, आम्ही खूप हसलो. मग घरी जाताना मात्र हसू येईना. ही पोती किती वर्षे नदीच्या या काठावरून त्या काठावर जात असतील? आणि त्यातली किती पिल्ले दुसरी सकाळ पाहत असतील?

खोटे कशाला बोला, लहानपणी असे पोते आम्हीही नेलेले आहे. वडील माणसांनी सांगितले, आम्ही नेले. पिल्ले आत कुईकुई करीत होती तो आवाज अजून कानात आहे. म्हणून तुम्हाला दोष द्यायला आम्ही आलेलो नाही. त्या वेळी दुसरा मार्ग गावात कोणाला ठाऊक नव्हता. आज आहे.

तर भादव्याचे गणित मांडू. अंकगणिताची पाटी तुमच्याकडे आहेच. आपल्याकडची बहुतेक गावकुत्री वर्षातून एकदा माजावर येते, एखादी दोनदाही. माजानंतर सुमारे दोन महिन्यांनी, म्हणजे त्रेसष्ट दिवसांच्या आसपास ती विते. एका वेळी सहा पिल्ले धरा. त्यांत तीन माद्या. पुढच्या भादव्यात आई आणि तीन लेकी अशा चार कुत्र्या माजावर आल्या. चार सख चोवीस. त्यात बारा माद्या. तिसऱ्या भादव्याला सोळा कुत्र्या. सोळा सख शहाण्णव. सहा, चोवीस आणि शहाण्णव मिळवा. एकशे सव्वीस झाली. एका कुत्रीची तीन वर्षांत!

आता तुमच्यातला एखादा हुशार गृहस्थ म्हणेल, "मग गावात एवढी कुत्री दिसत का नाहीत?" बरोबर विचारले. कारण हे कागदावरचे गणित आहे. ठिकठिकाणी मोठमोठे आकडे सांगून लोकांना घाबरवतात, ते आम्हाला पटत नाही. खरी गोष्ट आकड्यापेक्षा वाईट आहे. पिल्ले जन्माला येतात आणि मरतात. उपाशी मरतात. थंडीने मरतात. ट्रॅक्टरखाली, टेम्पोखाली सापडतात. हगवण लागून दोन दिवसांत सुकून जातात. आणि ज्या वेळी ही पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा ऊसतोड सुरू झालेली असते. उसातला बिबट्या उघड्यावर आलेला असतो.

आता बिबट्याचे बोलू. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत आपल्याच तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबूत परिसरात, वीस-बावीस दिवसांत बिबट्याने तीन जीव घेतले. त्यांत दोन लेकरे होती. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्या घरांचे दुःख शब्दांत मावणारे नाही.

बिबट्या वस्तीजवळ का येतो? उसात त्याला लपायला जागा मिळते, हे एक. दुसरे, त्याला खायला मिळते. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिले. २०१४ साली तो अभ्यास छापून आला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी शेकडा सत्त्याऐंशी भाग पाळीव व गावातल्या जनावरांचा होता. आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुणाचा? शेळीचा नव्हे, कुत्र्याचा. शेकडा एकोणचाळीस. म्हणजे आपण पोत्यातून जी पिल्ले काठावर सोडतो, ती बिबट्याला वाढलेली ताटे आहेत. ताट घराजवळ वाढले की पाहुणा घराजवळ येतो.

पण इथेही आम्ही अर्धी गोष्ट सांगणार नाही. कुणी म्हणेल, कुत्री कमी झाली तर बिबट्या शेळ्यांवर जाईल. हा प्रश्न चुकीचा नाही. गावातली सारी कुत्री एका रात्रीत नाहीशी केली, तर तसे होऊही शकते. नसबंदीने मात्र एका रात्रीत काही होत नाही. कुत्री जागेवरच राहतात, राखण करतात, म्हातारी होतात. नवी पिल्ले येत नाहीत, एवढाच फरक. संख्या हळूहळू, पाच-सात वर्षांत उतरते. तेवढ्या काळात गोठ्याला जाळी आणि दार बसवणे, अंधारात दिवा लावणे, पोरांना सांजच्याला उसाकडे एकटे न पाठवणे, ही कामे करायचीच आहेत. नसबंदी केली म्हणून बिबट्या जाईल, असे वचन आम्ही देत नाही. जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता आजीकडे परत येऊ. आम्ही आजीला म्हणालो, "आजी, राणीचे ऑपरेशन करून घेऊ या."

आजी एकदम कडाडली. "न्हाई बाबा! मुक्या जनावराचं पाप कुठं घेता? तिलाबी आई व्हायाचं आसतं की."

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने विचारले, "आजी, राणी किती वेळा व्याली?"

"तीनदा."

"पिल्ले किती झाली?"

आजीने बोटांवर मोजले. पहिल्या वेताची सहा, दुसऱ्या वेताची पाच, तिसऱ्या वेताची सहा. सतरा.

"त्यातली आज जिवंत किती?"

आजी पुन्हा मोजू लागली. एक सड्याच्या वस्तीवर दिले होते, ते आहे. एक घरी राहिले होते. मग तिची बोटे थांबली. म्हणाली, "घरचं व्हतं ते गेल्या अमुशाला बिबट्यानं नेलं. राणी चार दिस हुडकत व्हती."

सतरातले एक. आई होण्याचे सुख म्हणता ते हे का? दर वर्षी पोटच्या पोरांना हुडकत फिरायचे? त्या दिवशी आजीने आम्हाला चहा दिला, पण हो म्हटले नाही. आम्हीही आग्रह केला नाही.

पाप-पुण्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. आपण मराठी माणसे कुत्र्याला परके मानीत नाही. खंडोबाबरोबर कुत्रे असते. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. नामदेवाची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा तो तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावला, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. आणि आपल्या जवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली, कणग्या निघाल्या, जनावरांची हाडे निघाली. त्यांत कुत्र्याचीही होती. म्हणजे या घोडेकाठी माणूस आणि कुत्रा तीन हजार वर्षे शेजारी राहत आले आहेत. इतका जुना शेजारी आहे, तर त्याची काळजी शेजाऱ्यासारखीच घ्यावी. पोत्यात भरून नव्हे.

आणि पाप म्हणाल, तर आपण गोऱ्हा ठेचतो की नाही? वाडवडिलांपासून चालत आले आहे. अंडील बैल औताला जुंपला तर तो बांध तोडून पळेल, म्हणून त्याला खच्ची करतात. बोकडही खच्ची करतात. पूर्वी दगडाने ठेचायचे. जनावराचे हाल व्हायचे, बघवत नसे. आता गुरांचा डॉक्टर चिमट्याने ते काम करतो. कुत्र्याच्या वेळी तर जनावराला भूल देतात. त्याला कळतही नाही. मग बैलाला चालते ते कुत्र्याला का चालू नये?

शब्दाविषयी थोडे सांगतो. आपण 'नसबंदी' म्हणतो, पण माणसाच्या नसबंदीत नुसती नस बांधतात. कुत्र्याच्या नराच्या गोळ्या काढून टाकतात, आणि मादीचे बीजकोश व गर्भाशय काढतात. कागदावर याला 'निर्बीजीकरण' लिहितात. हा जोडाक्षरांचा शब्द आहे. वाचायला जड जातो, पण ग्रामपंचायतीच्या अर्जात तोच येईल. एकदा अक्षरे सुटी करून वाचा. निर्-बीजी-करण. बीज न राहू देणे.

लोक विचारतात, असे केले तर कुत्रे राखण करील का? करील. ठेचलेला बैल औत ओढायचा थांबतो का? कुत्रे भुंकते ते घर आपले वाटते म्हणून. त्यासाठी पिल्ले व्हावी लागत नाहीत. उलट भादव्यात नर घर सोडून आठ-आठ दिवस भटकतो, चावे खाऊन, कान फाटून परत येतो. कधी येतच नाही. नसबंदी झालेला नर बहुधा घरी राहतो. मारामारीही कमी करतो. मादीच्या मागे टोळके लागत नाही. रस्त्यात पोरे शाळेला जात असताना जे टोळके अंगावर येते, ते बहुतेक वेळा माजावर आलेल्या मादीमागचे असते. किंवा नुकती व्यालेली कुत्री पिल्लांपायी चावते. पिल्ले नाहीत तर तो रागही नाही.

मादीचा आणखी एक फायदा आहे. पुष्कळ कुत्र्यांच्या गर्भाशयात पू होतो. मालकाला वाटते, म्हातारी झाली म्हणून खात नाही. चार-आठ दिवसांत ती मरते. गर्भाशयच काढले तर हा रोग होणार कुठून? पहिल्या माजाआधी ऑपरेशन झाले, तर सडाच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. नर-मादीच्या संगतून लागणारी एक रक्त गळणारी गाठ असते. तीही गावात पुष्कळ कुत्र्यांना दिसते. तिचाही फैलाव थांबतो.

तोटाही सांगतो. जनावर थोडे लठ्ठ होऊ शकते. पण आपल्या गावातले कुत्रे लठ्ठ होण्याइतके जेवते कुठे?

मांजराचेही हेच. उलट मांजर जास्त वेळा विते. पाच-सहा महिन्यांची मांजरी माजावर येते आणि वर्षात दोन-तीन वेते होतात. नसबंदी झालेली मांजरी उंदीर मारायचे सोडते, असा एक समज आहे. तो खोटा आहे. उंदीर समोरून गेला की मांजरीचा पंजा पडणारच.

आता या सगळ्यांत मोठी गोष्ट. पिसाळलेले कुत्रे.

मंडळी, रेबीज हा रोग एकदा अंगात फुटला की माणूस वाचत नाही. वाचल्याची उदाहरणे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. पण चावल्याबरोबर इलाज केला तर हा रोग होऊ देत नाही. म्हणून नीट ऐका. कुत्रे, मांजर, कोल्हा, काहीही चावले किंवा नुसते ओरखडले, तरी जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. हळद नको, चटणी नको, चुना नको. मांत्रिकाकडे तर नकोच. मग तडक सरकारी दवाखाना. लस तिथे फुकट मिळते. डॉक्टर जितक्या वेळा बोलावील तितक्या वेळा जायचे, मध्ये सोडायचे नाही. खोल चावा असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचतात, तेही घ्यायचे. वडीलधाऱ्यांना पोटातली चौदा इंजेक्शने आठवतात आणि म्हणून ते पोराला न्यायला भितात. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षे झाली. आता दंडात किंवा कातडीत टोचतात, आणि टोचण्याही थोड्याच असतात.

दोन वर्षांपूर्वी एका वस्तीवर असे झाले. एका पोराला पिल्लाने दात लावला. पिल्लू ते केवढे, हाताच्या ओंजळीत मावेल एवढे. घरच्यांनी मिरची लावली आणि विसरून गेले. चार दिवसांनी पिल्लू लाळ गाळत मेले. पोराने शाळेत सहज गुरुजींना सांगितले. गुरुजींनी पुस्तक खाली ठेवले, त्याला गाडीवर घातले आणि दवाखान्यात नेले. पोरगा आज पाचवीत आहे. गुरुजींनी त्या दिवशी ऐकले नसते तर? आम्हाला त्यापुढे विचार करवत नाही. ते पिल्लू कुणाचे होते? कुणाचेच नाही. कुणीतरी पोत्यातून आणून सोडलेले.

आता तुम्ही म्हणाल, रेबीजला लस आहे, मग नसबंदी कशाला? दोन्ही लागतात. गावातल्या दहा कुत्र्यांपैकी सात टोचलेली असली, तर रोग पसरायला जागा राहत नाही. पण दर भादव्यानंतर नवी, न टोचलेली पिल्ले आली तर दहातली सात कधीच पुरी होत नाहीत. घागर भरता आणि खाली भोक आहे. नसबंदी म्हणजे ते भोक बुजवणे.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. तिथे २०१४ पासून सरकार आणि स्वयंसेवी लोक मिळून दर वर्षी गावोगाव, गल्लोगल्ली कुत्री टोचत फिरले. शाळांमधून मुलांना शिकवले. २०१७ नंतर काही वर्षे गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही, आणि कुत्र्यांमधला रोगही नव्वद टक्क्यांहून कमी झाला. गोव्यात मुख्य काम लसीचे झाले, हेही सांगितले पाहिजे. तिकडे हिमालयात भूतान नावाचे छोटे राज्य आहे. त्यांनी २००९ पासून नसबंदीचे काम धरले, आणि २०२३ साली जाहीर केले की देशातली सगळी मोकाट कुत्री नसबंदी करून, टोचून झाली. एकूण दीड लाखांच्या वर. चौदा वर्षे लागली, पण धरलेले सोडले नाही.

आणि बेटांचे तर सोपे आहे. अरबी समुद्रात आपल्या देशाची लक्षद्वीप नावाची बेटे आहेत. तिथे कुत्रीच नाहीत, फक्त मांजरे. त्यामुळे रेबीज नाही. अंदमानात कुत्री आहेत, तरी तिथेही रेबीज नाही. का? चहूकडे समुद्र. बाहेरचे कुत्रे पोहून येत नाही. बेटावर एकदा काम केले की ते टिकते. आपल्या दोन नद्यांना पूल आहेत, बंधारे आहेत, आणि पोती आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, एकट्या मांडवगणने करून भागणार नाही. भीमेपलीकडच्या गावांनाही बोलवा. त्यांनी त्यांच्या काठाचे करावे, आपण आपल्या काठाचे.

काही जण म्हणतात, एवढा उपद्व्याप कशाला, घास टाका, विषय संपला. घास म्हणजे विष. मंडळी, १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग होत नाही. मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला. लोक चिडले, दंगा झाला. पुढेही मोठमोठ्या शहरांच्या पालिका कित्येक वर्षे कुत्री मारीत होत्या. कुत्री संपली का? मुंबईला जाऊन पाहा. एक कुत्रे मेले की त्याच्या उकिरड्यावर दुसरे येते. तेही न टोचलेले. शिवाय विषाच्या घासाने शेजारच्याची शेळी मरते, मांजर मरते, मेलेले खाऊन घार मरते.

उकिरड्यावरून आठवले. पूर्वी नदीकाठी मेलेले ढोर टाकले की तासाभरात गिधाडे यायची. वडील माणसांनी पाहिले आहे. आता गिधाड दिसते का? गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. ते औषध दिलेले ढोर खाऊन गिधाडांच्या मूत्रपिंडांचा नाश झाला आणि देशभर शंभरातली पंचाण्णवांहून जास्त गिधाडे मेली. २००४ च्या सुमारास हे कारण सापडले आणि २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झाले. तोवर व्हायचे ते होऊन गेले. आता ते मेलेले ढोर कोण खाते? कुत्री. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात. त्या कोण खाते? कुत्री. बाजार उठल्यावर मटणाच्या दुकानामागे काय पडते? तेव्हा मेलेली कोंबडी खड्ड्यात पुरा, ढोरही पुरा. आयते अन्न कमी झाले की बाहेरची कुत्री कमी येतात. पोल्ट्रीवाले बंधू इथे आहेत, त्यांनी रागावू नये. रागावले तरी चालेल, पण पुरावे.

सरकारने २०२३ साली नवे नियम केले. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेण्याची जबाबदारी त्या ठिकाणच्या स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची आहे. पाळलेल्या जनावराची जबाबदारी मालकाची. हे काम कोणीही करायचे नाही. शिकलेला पशुवैद्यच पाहिजे आणि मान्यता असलेली संस्था पाहिजे. ब्लेड घेऊन फिरणारा कोणी आला तर त्याला वेशीबाहेर घालवा. झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच पाडतात, म्हणजे तेच कुत्रे पुन्हा धरले जात नाही.

हे कसे मिळवायचे? वर्षातून चार ग्रामसभा तर ठरलेल्याच आहेत. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. ग्रामसभेत उठून उभे राहायचे आणि ठराव मांडायचा. ठराव पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे पाठवायचा. एकदा पाठवून काही होत नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. दोनदा, तीनदा पाठवायचा आणि पोच घ्यायची. २ ऑक्टोबरला ठराव मांडला तर फार उशीर झाला, भादवा सरत आलेला किंवा निघून गेलेला असतो. काम श्रावण संपायच्या आत व्हायला हवे. म्हणून १ मे ची सभा धरा.

आमच्याकडून एकदा मोठी चूक झाली, ती सांगतो. दुसऱ्या एका गावात आम्ही शिबिर घेतले. उत्साह फार. एका दिवसात चाळीस कुत्री टेम्पोत घातली. कुठले कुत्रे कुठल्या वस्तीवरचे, हे लिहून ठेवले नाही. आठ दिवसांनी सोडताना गोंधळ झाला. माळावरची कुत्री गावठाणात सुटली, गावठाणातली माळावर. गावठाणातल्या कुत्र्यांनी परक्यांना फाडले. एका धनगर बाबांचे कुत्रे चुकले. ते बाबा तीन दिवस हाका मारीत गावोगाव फिरत होते. चौथ्या दिवशी सापडले, लंगडत होते. बाबांनी आम्हाला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. तेव्हापासून प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नाही. जिथून उचलले तिथेच सोडायचे. नियमही तोच सांगतो.

घरच्या कुत्र्याला आणायचे असेल तर या गोष्टी ध्यानात ठेवा. जनावर सहा महिन्यांच्या पुढचे असावे. पिल्ले अंगावर पीत असतील तर ती सुटेपर्यंत थांबा. आदल्या रात्रीनंतर खायला काही देऊ नका. भाकरीचा तुकडासुद्धा नको. भरल्या पोटी भूल दिली तर जनावर ओकते, ते श्वासात जाते आणि दगावते. मायेने घातलेली सकाळची भाकरी अशी जिवावर बेतते. बाकी पाण्याचे काय ते डॉक्टरला विचारा. घरी आणल्यावर सात ते दहा दिवस कोरड्या जागी ठेवा, टाके चाटू देऊ नका, शेणात लोळू देऊ नका. टाक्यातून पू आला किंवा जनावर खाईना, तर वाट पाहत बसू नका, डॉक्टरकडे न्या. त्याच दिवशी रेबीजची लस आणि जंताचे औषध देऊन घ्या. लस पुढे दर वर्षी द्यायची.

आता आजीचे राहिले. आम्ही त्या वस्तीवर पुन्हा गेलो नव्हतो. आजीच महिन्याभराने आली, नातवाला घेऊन. राणी दोरीला होती.

"काय आजी?" आम्ही म्हणालो.

"रातीपास्नं काय खाया दिलं न्हाई," आजी म्हणाली. "लई वरडली. म्या कानात बोळं घातलं."

ऑपरेशन झाले. राणी भुलीत होती तेव्हा आजी बाहेर पायरीवर बसून राहिली. कुणाशी बोलली नाही. राणीने डोळे उघडले, शेपटी एकदा आपटली, तेव्हा आजी उठली आणि डॉक्टरला म्हणाली, "तुमचं हात बरं हायत." तिसऱ्या रात्री राणी गोठ्यापाशी भुंकली, असे नातवाने सांगितले. पोते त्याने आता वैरणीला घेतले आहे.

तर मंडळी, इथे एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आखले आहेत. पहिल्यात तुमचे नाव, दुसऱ्यात वस्तीचे नाव, तिसऱ्यात कुत्रे की मांजर, चौथ्यात नर की मादी. ज्यांना लिहिता येते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचे. अंगठा चालणार नाही, आम्ही तुम्हाला पाटीवर लिहिताना पाहिले आहे. अक्षर वेडेवाकडे आले तरी हरकत नाही. कुत्र्याचे नाव लिहायचे असेल तर नावाच्या खाली लिहा, जागा ठेवली आहे. आजीने पहिल्या ओळीत लिहिले आहे. 'राणी' मधला 'ण' तिने उलटा काढला आहे, तो कोणी दुरुस्त करू नये.